आवककाकांचे दार

त्यांच्याविषयी आज जे सांगितले जाते त्यातले निम्मे खोटे आहे, आणि उरलेले निम्मे ज्यांनी काही पाहिले नाही अशांनी सांगितलेले आहे. लग्नाच्या पंगतीतून उठताना ते यजमानाला चमचे मोजून देत, ही गोष्ट खोटी. त्यांना संगणकातले काही कळत नव्हते, केवळ वयाकडे पाहून त्यांना ठेवून घेतले होते, हेही खोटे. आणि दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या त्या प्रकरणात आपल्या हातून झालेली चूक त्यांनी भर बैठकीत कबूल केली व नोकरी सोडली, ही तर धादांत खोटी गोष्ट आहे. नाशकातल्या संगणकवाल्यांची एक सबंध पिढी हा किस्सा नव्या मुलांना धडा म्हणून सांगत आली. माणूस गेला, पण त्यांच्या नावावरची ती चूक अजून धडधाकट आहे. ती त्यांची नव्हती. कोणाची होती, हे मला ठाऊक आहे. आणि ते सांगण्याचे टाळण्यात माझे उतारवय खर्ची पडले आहे.

मी त्या काळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा संगणक कंपनीचा प्रमुख होतो. खाली पत्रा कापण्याचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही बारा माणसे. नव्वदच्या दशकात आम्ही कारखान्यांना पगारपत्रकांचे आणि गोदामातील साठ्याचे प्रोग्राम लिहून देत असू. हे गृहस्थ शेजारच्याच एका कारखान्यात, गेटवरच्या आवक-जावक खात्यात कारकून होते. आत येणारा प्रत्येक ट्रक आणि बाहेर जाणारा प्रत्येक खोका त्यांच्या वहीतून जायचा. चाळिशी उलटल्यावर कॉलेज रोडच्या एका क्लासला संध्याकाळचे जाऊन ते प्रोग्रामिंग शिकले आणि गेटचा सगळा कारभार त्यांनी एकट्याने संगणकावर चढवला. ते काम मी पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना बोलावून घेतले. दयेने ठेवले होते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दया करण्याची माझी ख्याती कधीच नव्हती.

"तुमचा प्रोग्राम येणाऱ्या मालाला दोन प्रश्न विचारतो आणि जाणाऱ्याला सात," मी मुलाखतीत म्हणालो. "असं का?"

"साहेब, येणाऱ्याला सगळेच विचारतात. चोरी जाताना होते."

"म्हणजे?"

"गेटवर मी बारा वर्षं कामगारांचे डबे हातात तोलून पाहिले. सकाळी डबा जड, संध्याकाळी हलका. ज्या दिवशी उलटं लागेल त्या दिवशी उघडायला लावायचा."

"सापडलं कधी काही?"

"तीनदा पितळेचे तुकडे. एकदा अख्खी कारल्याची भाजी. तो बिचारा बायकोवर रुसला होता."

हे सांगताना ते हसले नाहीत. त्यांना विनोद करायचा नव्हता, त्यांना नोंद पूर्ण करायची होती.

आमच्याकडच्या मुलांनी आठ दिवसांत त्यांचे नाव आवककाका ठेवले आणि पुढे मीही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागलो. त्यांच्या सवयींविषयी जे सांगतात त्यातली खरी सवय एवढीच, की कोणत्याही खोलीतून बाहेर पडताना ते उंबरठ्याशी थांबत, आत वळून पाहत आणि हातात काय आहे ते मोठ्याने सांगत. "एक पेन, एक डबा, एक छत्री. जातो." खोलीत कोणी असो वा नसो. बोलणे संपवतानाही त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "माझं झालं. तुमचं काही?" आणि समोरच्याने "नाही" असे स्पष्ट म्हटल्याशिवाय ते हलत नसत. आमच्या हिशेबनीस बाईंना याचा फार त्रास होई. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "काका, नाही म्हणजे नाही हो, आता जा की!" तर ते म्हणाले, "एकदाच पुरे होतं, ताई," आणि छत्री उचलून, छत्रीचे नाव घेऊन, निघून गेले.

मुले हसायची. मीही हसायचो.

दोन हजार सालानंतर काम बदलले. गिऱ्हाइकांना सगळे इंटरनेटवर हवे झाले. द्राक्षे परदेशी पाठवणाऱ्या बागायतदारांच्या एका संघाने आमच्याकडे असेच एक मोठे काम सोपवले. प्रत्येक बागायतदाराने आपल्या बागेच्या प्लॉटवर कोणत्या दिवशी कोणते औषध फवारले ते संकेतस्थळावर जाऊन नोंदवायचे. फवारणी आणि तोडणी यांत नियमाप्रमाणे दिवस गेलेले असले, तरच त्या प्लॉटला निर्यातीचा दाखला मिळायचा. परदेशातला खरेदीदार त्या दाखल्याशिवाय एक घड घेत नसे. ज्याचा प्लॉट त्यालाच तो दिसावा आणि ज्याची नोंद त्यानेच ती करावी, ही त्यातली कळीची गोष्ट.

ही कळीची गोष्ट मी आवककाकांकडे दिली.

ज्यांना यातले तंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बागायतदार आपल्या संगणकावर एखादे पान मागतो. ती मागणी आमच्या सर्व्हरवर येते, तिथला प्रोग्राम ती पुरी करतो आणि पान परत पाठवतो. पण मागणी मूळ प्रोग्रामपर्यंत पोचण्याआधी आणि उत्तर बाहेर पडण्याआधी मध्ये एक तुकडा बसवता येतो. सगळ्या येण्याजाण्याला त्याच्यातूनच वाट. तो मागणाऱ्याला ओळख विचारू शकतो, परत पाठवू शकतो, आणि निघालेले उत्तर थांबवून तपासूही शकतो. आमच्या धंद्यात त्याला फिल्टर म्हणतात. काका हा शब्द उच्चारत नसत. "चाळणी कचरा वेगळा करते," ते म्हणत. "हे दार आहे. दाराला माणसाशी बोलावं लागतं."

अशी तीन दारे त्यांनी एकापाठोपाठ एक बसवली. मुलांना ती समजावण्यासाठी त्यांनी एकदा केलेला प्रकार माझ्या डोळ्यांपुढे आहे. तीन मुलांना त्यांनी रांगेत उभे केले, शेवटी टेबलाशी हिशेबनीस बाईंना बसवले, आणि स्टीलचा रिकामा पेला पहिल्या मुलाच्या हातात दिला.

"पुढं दे. विचार आणि पुढं दे."

पेला तीन हातांतून बाईंपर्यंत गेला. बाईंनी त्यात पाणी भरले.

"आता आल्या वाटेनं परत. ज्यानं शेवटी दिला, त्याच्या हातात पहिल्यांदा. ज्यानं पहिल्यांदा घेतला होता तो शेवटी सोडेल. आणि प्रत्येकानं पेल्यात बघायचं. आपण पुढं काय दिलं होतं आणि परत काय आलं?"

"पाणी आलं, काका," एक मुलगा म्हणाला.

"किती?"

"पेलाभर."

"पेल्याच्या जागी पिंप आलं असतं तर?"

"तर उचललं नसतं!"

"तेच. उचलायचं नाही. थांबवायचं."

पहिले दार ओळख विचारायचे, दुसरे प्लॉट मागणाऱ्याचाच आहे ना ते पाहायचे; हे त्यांचे तिसरे दार. जगात कोणी बसवले नसेल असे ते होते, आणि ते डब्यांच्या गेटवरून आलेले होते. एका प्लॉटची माहिती मागितली असता चाळीस प्लॉटांचे वजन असलेले पान बाहेर निघाले, तर ते दार ते पान अडवायचे आणि पडद्यावर दोनच शब्द उमटायचे: जावक नाकारली. येताना कोणी खोटी ओळख सांगून आत शिरलाच, तरी जाताना रिकाम्या हाताने जाईल. मी पुढे बरीच मोठी माणसे पाहिली, मोठ्या शहरांतली. इतका साधा आणि इतका पक्का विचार मी कुणाच्या कामात पाहिला नाही. हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही. सांगायला हवे होते अशा गोष्टींची माझी यादी मोठी आहे.

त्यांच्या हाताखालच्या एका मुलाने एकदा दार लिहिताना सगळी चौकशी केली, आणि मागणी पुढे पाठवण्याची ओळच विसरला. दिवसभर प्रत्येकाला कोरे पान. काका त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, दरवानानं पाहुण्याला नाव विचारलं, गाव विचारलं, सगळं बरोबर निघालं, आणि मग हा खाटेवर आडवा झाला! आत सोड की त्याला!" सगळा मजला हसला. तो मुलगा आज फार मोठ्या पदावर आहे. काकांच्या नावावरची चूक सर्वांत रंगवून सांगतो तोही तोच.

दाराच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. दारात कसलाही बदल करायचा, तर आधी त्यांच्या लाल बांधणीच्या वहीत लिहायचे: काय बदलले, का बदलले, पुन्हा कधी पूर्ववत करायचे, आणि खाली सही. हा नियम मीच मंजूर केला होता. तो इतरांसाठी आहे असे मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

आता मुख्य गोष्ट.

काम पुरे होत आले तसे संघाचे अध्यक्ष आणि चार पदाधिकारी ते पाहायला आमच्या कचेरीत आले. पडद्यापुढे मी स्वतः बसलो. अध्यक्ष म्हणाले, "सगळ्या तालुक्याचं एकदम दाखवा की!" मी ऐटीत सगळ्या प्लॉटांचे एकत्र पान मागितले. पडद्यावर उमटले: जावक नाकारली.

मी पुन्हा मागितले. पुन्हा तेच.

अध्यक्ष उमदे होते. ते म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन तुम्हालाच वळखत नाय वाटतं!" आणि सगळे मनापासून हसले. त्या हसण्यात कसलाही विखार नव्हता. माझ्या अंगाची मात्र लाही झाली. मागे उभे असलेले काका शांतपणे म्हणाले, "साहेब, एकत्र पानाची परवानगी वहीत नाही. आधी सांगितलं असतं तर लिहून ठेवली असती."

पाहुण्यांदेखत.

त्याच दिवशी, सगळे गेल्यावर, मी त्यांच्या पहिल्या दाराच्या वरच्या बाजूला माझ्या हाताने एक ओळ घातली. तिचा अर्थ असा: जी मागणी आमच्याच कचेरीतल्या संगणकावरून आलेली असेल, तिला काही विचारू नये, ना येताना, ना जाताना, आणि तिची नोंदही करू नये. घरच्या माणसाला दारावर अडवायचे नाही, एवढेच मला हवे होते. दोन दिवसांनी पदाधिकारी पुन्हा येणार होते. त्यांना सगळे सुरळीत दाखवायचे आणि ओळ काढून टाकायची, असा बेत होता. वहीत मी काहीही लिहिले नाही. माझ्याच कंपनीत, माझ्याच हाताखालच्या माणसाच्या वहीत, मी सही करायची?

पदाधिकारी आले, पाहून खूश झाले, गेले. ओळ राहिली.

हंगाम तोंडावर आला तसा सर्व्हरवरचा भार वाढणार हे दिसू लागले. मीच हुकूम दिला आणि त्याच्यापुढे आणखी एक मशीन बसवून घेतले. बाहेरची प्रत्येक मागणी आधी त्या पुढच्या मशीनवर यायची आणि ते ती आतल्या सर्व्हरकडे सरकवायचे. आता हे मशीन कुठे होते? आमच्याच कचेरीत. म्हणजे आतल्या सर्व्हरला दिंडोरीहून आलेली मागणी असो की आणखी कुठली, सगळी आमच्या कचेरीतूनच आल्यासारखी दिसू लागली. माझ्या त्या एका ओळीने साऱ्या जगाला घरचे माणूस करून टाकले. तिन्ही दारे जागच्या जागी उभी होती आणि त्यांच्यापुढून जाणाऱ्या कुणालाही काही विचारत नव्हती.

आठव्या दिवशी काका माझ्या खोलीत आले.

"साहेब, दारावर कोणी येईना झालंय."

"म्हणजे?"

"नोंदी कोऱ्या आहेत. आठ दिवसांत एक मागणी नाही. पण फवारण्या तर भरल्या जातायत. मग माणसं शिरतात कुठून?"

खरे सांगतो, त्या क्षणी मला माझी ओळ आठवली. अगदी लख्ख आठवली. पण बाहेर मुले बसली होती, दार उघडे होते, आणि मी मोठ्याने म्हणालो, "काका, दाराशी कोणी आलं नाही म्हणजे आराम करा की! तुम्हाला माणसं दिसली नाहीत की करमत नाही." बाहेर हशा पिकला.

काका हशा ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "काम चालू झाल्यापासून सर्व्हरचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आहे. मला पाच मिनिटं आत बघू देता?"

"हंगाम सुरू झालाय. आता कुणी हात लावायचा नाही."

"बरं. माझं झालं. तुमचं काही?"

"नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी ओळ काढू, असे मी ठरवले. संध्याकाळी संघाचा फोन आला, दुसऱ्या दिवशी आणखी काही निघाले. चार दिवसांनी काका पुन्हा आले, तेच बोलले, आणि मी त्यांना बसा असेही म्हणालो नाही. मला ती ओळ विसरता येत नव्हती, आणि काढायला बसलो की जणू काका मागे उभे राहून पाहत आहेत असे वाटायचे. या गोष्टीला कोणी घाईगर्दीतला विसर म्हणू नये. तो विसर नव्हता.

मग एक दिवस दिंडोरीकडचा एक तरुण बागायतदार छापलेला कागद घेऊन जिना चढून आला.

"साहेब कोण हाय इथं? हे बघा. हे औषध मी मारलंच नाय. तोडणी चार दिवसांवर आली, अन् माझ्या नावावर हे दिसतंय. दाखला आडवलाय माझा."

"तुमच्याकडून चुकून भरलं गेलं असेल," मी म्हणालो.

"माझ्या घरी कंप्युटर नाय साहेब, मी गावात जाऊन भावाच्या दुकानात भरतो. वहीत लिहून ठेवतो आधी. ही बघा वही. कुठंय त्याच्यात?"

नव्हते. शेजारच्या एका वयस्क बागायतदाराने पान उघडले होते, चुकून या तरुणाचा प्लॉट समोर आला, आणि आपलाच समजून त्यांनी आपली फवारणी त्यात भरली होती. त्यांना तो दिसायलाच नको होता. नोंद कोणी भरली याचा पुरावा ज्या दारावर राहायचा ते दार मी आंधळे केले होते. त्यामुळे खरे-खोटे सिद्ध होईपर्यंत तोडणीचे दिवस उलटून गेले. त्या वर्षी त्या पोराची द्राक्षे जहाजावर चढली नाहीत. बेदाण्याला गेली.

त्या दिवशी तो तरुण कागद ठेवून खाली उतरला. काका त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले आणि त्याची वही पुन्हा एकदा मागून घेऊन उभ्याउभ्या वाचत राहिले. ते जिन्यात असतानाच मी सर्व्हरवर गेलो आणि ओळ काढून टाकली. पुसली. मागे खूण राहणार नाही अशी पुसली. ते कसे करायचे हे मला चांगले येत होते. पदाधिकाऱ्यांसमोर मिरवलेल्या ऐटीला आपण अविचार म्हणू, आठवड्याच्या चालढकलीला भ्याडपणा म्हणू. जिन्यात पावले वाजत असताना केलेल्या या कामाला कोणता शब्द लावायचा, हे वाचणाऱ्यांनी ठरवावे.

संघाची बैठक तिसऱ्या दिवशी झाली. आता त्या बैठकीत काय बोलले गेले ते मी शब्दशः देतो, कारण तिथे हजर नसलेल्यांनी त्याची पार माती केली आहे.

अध्यक्षांनी विचारले, "दार कुणाकडं व्हतं?"

मी म्हणालो, "यांच्याकडे."

एवढेच. पुढचे काही मी बोललो नाही. एवढ्यात काम भागले.

अध्यक्ष काकांकडे वळले. "काका, तुम्ही काही बदललं व्हतं?"

"नाही."

"मग दुसऱ्या कुणी?"

काकांनी लाल वही टेबलावर ठेवली, शेवटची पाने उलटली आणि म्हणाले, "वहीत नोंद नाही."

"मंग चूक कुणाची?"

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "अध्यक्षसाहेब, कोण शिरलं ते मला सांगता येत नाही. पण माझ्या दारावरून कोणी नोंद न करता गेलं असेल, तर ती दारावरच्या माणसाची चूक. गेटवर आम्ही असंच मानायचो."

याला लोक कबुली म्हणतात. ज्याला मराठी वाक्य वाचता येते त्याने ते पुन्हा वाचावे. त्यांनी आपण काही केले असे म्हटलेले नाही. त्यांनी आपल्या खुर्चीची जबाबदारी सांगितली, आणि शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. "त्यांनी साहेबांकडे असं काही पाहिलं" वगैरे जे सांगतात ते नाटक आहे. संशय असता तर त्यांनी पाहिले असते.

महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता, हे खरे आहे. मी तो परत केला नाही, हेही खरे आहे. जाताना उंबरठ्याशी थांबून त्यांनी डबा आणि छत्री म्हटले. लाल वही टेबलावरच ठेवली होती. "ही कंपनीची," ते म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी सटाण्याला एका लग्नाला गेलो असता मी वाट वाकडी करून नामपूरला गेलो. ते त्यांचे मूळ गाव. तिथल्या कांद्याच्या बाजारात ते फाटकावर चिठ्ठ्या द्यायचे काम करत होते. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि ते प्रत्येक चिठ्ठी आत जाताना देत व बाहेर पडताना परत घेत होते. मला पाहताच त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवले आणि घरी नेले. बायकोला आपल्या अहिराणीत म्हणाले, "ह्या मना साहेब शेतस." म्हणजे, हे माझे साहेब. त्या माउलीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला वाकून नमस्कार केला. गेटवरून उचलून आपल्या नवऱ्याला संगणकापुढे बसवणारा देवमाणूस तो हाच, अशी तिची समजूत होती. ती तशी का होती, ते उघड आहे. त्यांनीच करून दिली होती.

चहा झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मला वाटले आता माझे पितळ उघडे पडणार. एका परीने मी त्यासाठीच गेलो होतो.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"मी अजून त्याचा विचार करतो. तिन्ही दारं बरोबर होती. मी कागदावर पुन्हा पुन्हा लिहून पाहिली. बायको म्हणते, येडा झाला. पण मला कळतच नाही. नोंद न होता माणसं गेली कशी? माझं कुठं चुकलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. न सुटलेले गणित घेऊन विद्यार्थी मास्तरांकडे येतो तसे ते माझ्याकडे आले होते. उत्तर एका ओळीचे होते. अक्षरशः एका ओळीचे. ते ऐकून त्यांनी मला घराबाहेर काढले असते की नुसता सुटकेचा श्वास सोडला असता, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो काका. जुनी गोष्ट."

"बरं," ते म्हणाले. आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.

दोन वर्षांनी ते गेले. गणित सोडवता सोडवता गेले असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही, पण मला दुसरे काही वाटत नाही. आमच्या हिशेबनीस बाई, ज्यांच्यावर माझा अजून लोभ आहे, एकदा मला म्हणाल्या, "काकांना सगळं माहीत होतं. मोठ्या मनानं गप्प राहिले ते." ही गोष्टही खोटी आहे, आणि सगळ्यांत जास्त मी हीच नाकारतो, कारण ती माझ्या सोयीची आहे. त्यांना माहीत असते, तर आम्ही दोघे त्यात होतो असे झाले असते. त्यांना माहीत नव्हते. शेवटपर्यंत ते स्वतःलाच तपासत राहिले.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या मंडळींनी एक स्नेहमेळावा भरवला. मला पाहुणा म्हणून मधल्या खुर्चीवर बसवले. जेवणाआधी भाषणे सुरू झाली, आणि तो खाटेवर आडव्या झालेल्या दरवानाच्या किश्श्यातला मुलगा, आता टक्कल पडलेला, माइक घेऊन काकांचा किस्सा सांगू लागला. सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तर मित्रहो, शेवटी कितीही पक्कं दार असलं, तरी दारावरचा माणूस चुकतोच!" लोक हसले. मी उठलो. माइक मागून घेतला. वय झाले असले तरी माझा आवाज अजून खणखणीत आहे.

मी म्हणालो, "हा किस्सा खोटा आहे. ती चूक काकांची नव्हती. दारात ओळ मी घातली होती, मी लपवली, आणि मीच पुसली. त्यांच्यावरचा ठपका माझा आहे."

टक्कलवाल्याने माझ्याकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते. तो जवळ आला, माझ्या पाया पडला आणि माइकमध्ये म्हणाला, "पाहिलंत? इतक्या वर्षांनीसुद्धा सर आपल्या माणसाची चूक आपल्या अंगावर घेतायत. असा साहेब होणे नाही!"

"अरे, तसं नाही," मी म्हणालो. पण माइक त्याच्या हातात होता, आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मग पुढचे. हिशेबनीस बाई डोळे पुसत होत्या.

मी आणखी एकदा तोंड उघडले. टाळ्या थांबत नव्हत्या. मी थांबा म्हणू शकलो असतो. असा बाणा मी आयुष्यभर मिरवला आहे. त्याऐवजी मी हात जोडले, चहूबाजूंना वळून सर्वांना नमस्कार केला, आणि खाली बसलो.